धोतर कोरं निघाल्याशिवाय कुरण उघडत नाही

मी बरडवाडीच्या चावडीपुढं सायकल उभी केली, आणि मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आमच्या परभणी जिल्ह्यात पाणी न विचारणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. भांडायला आलेल्या माणसालासुद्धा आधी तांब्या देतात, भांडण मग. आणि मी तर पंचायत इन्स्पेक्टर. महिन्यापूर्वी ह्याच चावडीत माझ्या गळ्यात हार पडला होता. आज दहा-बारा माणसं बसली होती आणि एकजण मान वर करायला तयार नव्हता.

शेवटी सरपंच माणिकराव उठले. वयानं माझ्यापेक्षा मोठे, कमी बोलणारे. त्यांनी कोनाड्यातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. कागद ओळखीचा होता, मीच लिहिलेला.

"वाचा सायब," ते म्हणले. "तुमच्या कागदानं आमचं कुरण चाललं."

हैदराबाद स्टेट मोडून आम्ही मुंबई राज्यात येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. ऑफिसात फाईलीला अजून मिसल म्हणायचे आणि जुने पेशकार, म्हणजे कारकून, रागावले की उर्दूतच रागवायचे. गावोगाव पंचायती उभ्या राहिल्या होत्या. माझं काम त्यांचं दप्तर तपासायचं, सभा कशी घ्यायची ते शिकवायचं आणि त्यांचे नियम लिहून वर मंजुरीला पाठवायचे. मी शिकलो उर्दू मीडियममध्ये. घरी बोलायचं मराठी, पण सरकारी मराठीत ड्राफ्ट लिहायचा म्हणलं की मला घाम फुटायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जो घोटाळा झाला त्याचं मूळ तिथं आहे.

कुरण आणि गायरान ह्यातला फरकही सांगतो. गायरान बारा महिने जनावरांना चरायला मोकळं. कुरण पावसाळ्यात बंद ठेवायचं, गवत वाढू द्यायचं, आणि वाळायला आलं की कापून घरी न्यायचं. उन्हाळ्यात जनावर जगतं ते ह्या कापलेल्या गवतावर. बरडवाडीचं कुरण पालमच्या बाजूला एका लांबलचक माळावर होतं. पूर्वी ते जागीरदाराकडं, जागीर गेल्यावर सरकारकडं, आणि आता ते पंचायतीच्या ताब्यात द्यायचं ठरलं होतं. अट एकच. पंचायतीनं लेखी नियम करायचे आणि ते मंजूर करून घ्यायचे. नियम नसतील तर रेव्हेन्यू खातं गवताची हर्रास करणार, म्हणजे लिलाव. मग कोण कुठला ठेकेदार येऊन गवत कापून नेणार आणि गावच्या म्हशी बघत बसणार.

माझ्याकडं अशी चौदा गावं होती. पुण्याकडच्या एका ऑफिसातून छापील नमुना आला होता, छान शुद्ध मराठीतला. मी काय केलं, तो चौदा वेळा उतरवून काढला आणि फक्त गावांची नावं बदलली. पंधरा दिवसांत चौदा गावांचे नियम तयार. ऑफिसातल्या साहेबांनी पाठ थोपटली. मीही मनात म्हणलो, वा रे पठ्ठ्या.

आता चावडीत उभा राहून मी माझाच कागद परत वाचला. दोन वाक्यं कामाची होती. एक, 'कुरण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून कापणीस खुले राहील.' दुसरं, 'गावातील खातेदारांस गवत कापण्याचा हक्क राहील.' खातेदार म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो. मला त्यात काही खोट दिसेना, आणि मी तसं म्हणलोही.

माणिकरावांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला शाळेतले मास्तर आठवले. ते म्हणले, औंदा पाऊस उशिरा आलाय, दसऱ्याला गवत तयार होणार नाही. आणि निम्म्या गावाच्या नावावर जमीनच नाही, मग त्यांच्या म्हशींनी काय खायचं?

खरी गोष्ट पुढं होती. दाजीसाहेब म्हणून गावातले सगळ्यात मोठे खातेदार. त्यांनी माझा कागद चावडीत मोठ्यानं वाचून दाखवला होता आणि परगावची कापणाऱ्यांची टोळी सांगून ठेवली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे पंचवीस विळे कुरणात उतरणार होते. कुणी आडवं आलं तर दाखवायला सही-शिक्क्याचा कागद तयार होता. दसऱ्याला आठ दिवस राहिले होते.

"मग आजवर तुम्ही कोणत्या तारखेला उघडायचे कुरण?" मी विचारलं.

"तारीख नसती," माणिकराव म्हणले. "धोतर कोरं निघालं की उघडायचं."

मला वाटलं, रागानं चेष्टा करायलेत. पण कुणी हसलं नाही. मी विचारलं, कुणाचं धोतर? तर सगळ्यांनी ओढ्याकडं बोट केलं. म्हणले, गोदाक्काला विचारा.

गोदाक्का म्हणजे गावची परटीण. पन्नाशीची, विधवा, हाडापेरानं मजबूत. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून धुणं आपटत होती. मी काठावर उभा राहून नाव सांगितलं. तिनं धुणं काही थांबवलं नाही.

"तुमीच का ते कागदवाले?" ती म्हणली.

मी म्हणलो, मीच. मग तिनं मला एका दगडावर बसायला सांगितलं आणि काम करता करता सगळं समजावलं. तिच्याइतकं नीट समजावणारा माणूस मला ट्रेनिंगमध्येही भेटला नव्हता.

आमच्या माळावरच्या गवताला कुसळं येतात. कुसळ म्हणजे बी आणि त्याला लांब टोकदार शेपूट. बी पिकलं की ते गवतातून जाणाऱ्याच्या कपड्यात घुसतं. पोळा झाला की दर बाजारच्या दिवशी पाच घरचे पाच पुरुष धुतलेलं धोतर नेसून कुरणातून आडवे चालत जायचे, आणि पाचही धोतरं गोदाक्काकडं यायची. तशी धोतरं धुवायला तिच्याकडंच येतात, आणि कुसळं काढल्याशिवाय धुता येत नाहीत, नाहीतर बोटं फाटतात. म्हणून कुणाच्या धोतरात किती कुसळं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? आधी धोतर कोरं यायचं, म्हणजे बी कच्चं. मग भरून यायचं, म्हणजे बी पिकलं आणि गळायला लागलं. आणि भरून येऊन परत ज्या दिवशी पाचही धोतरं कोरी आली, त्या दिवशी समजायचं की बी सगळं मातीत पडलं. दुसऱ्या दिवशी कुरण उघडायचं.

"आणि बी पडायच्या आधी कापलं तर?" मी विचारलं.

"एकदा कापलं हुतं की. जागीरदाराच्या घोड्यांसाठी. पुढं दोन वर्सं नुस्ता तरवड उगवला, जनावर त्येला तोंड लावत न्हाई. माझ्या सासूनं तवा म्हैस इकली."

वाटणीचा नियमही तिनंच सांगितला. घरटी एक विळा. शंभर एकरवाल्याच्या घरचा एक आणि बिनजमिनीच्या घरचाही एक. जेवढं एका विळ्यानं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कापाल तेवढं तुमचं. असं कापायचं कुरण संपेपर्यंत.

मग मी तिच्या खोपटाकडं गेलो. दारात एक म्हैस बांधलेली होती, बरगड्या मोजता येत होत्या. वैरण संपत आली होती. रोज बांधाचं गवत खुरपून आणून ती म्हशीला घालत होती. मी म्हणलो, आक्का, मग कुरण लवकर उघडलं तर तुझ्याच फायद्याचं की. ती म्हणली, उघडलं तरी माझा विळा कुठं हाय त्यात? तुमच्या कागदात मी खातेदार न्हाई.

मला जमिनीनं गिळावं असं झालं. दोन शब्द दुसऱ्याचे उतरवले आणि एका बाईचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विळा काढून घेतला. तोही तिला न विचारता. नुसती तिचीच नाही, निम्म्या गावाची तीच गत. खरं सांगतो, त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा घेतली. माळी, हटकर, मांग, परीट, सगळे आले. नियम बदलायचा ठराव झाला. दाजीसाहेब शांतपणे उठले. आवाज न चढवता बोलायची त्यांची पद्धत होती.

"इन्स्पेक्टरसाहेब, मी कायदा मोडलाय का? तुमी लिहिलं, वरनं मंजूर झालं, मी पाळायलोय. आता वरनं बदलून येईपर्यंत जुनाच कायदा चालंल. का न्हाई?"

माणूस बरोबर बोलत होता, हेच लय लागलं. मंजूर नियम नुसत्या ग्रामसभेच्या ठरावानं बदलत नाही, त्याला प्रांतसाहेबांची सही लागते. प्रांत म्हणजे तीन-चार तालुक्यांवरचा अधिकारी, आणि ते बसायचे परभणीला. मी सायकलीवर गंगाखेड गाठलं, तिथून रेल्वेनं परभणी, आणि साहेब फिरतीवरून यायची तीन दिवस वाट बघितली.

प्रांतसाहेब नवीन बदलून आलेले, पुण्याकडचे. कडक, पण वाचल्याशिवाय सही न करणारे. म्हणजे माझा आधीचा कागदही त्यांनी वाचूनच मंजूर केला होता, आणि तिथंच पंचाईत होती. त्यांनी नवा ड्राफ्ट दोनदा वाचला, चष्मा काढला आणि मला बसायलाही सांगितलं नाही.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. नियमात तारीख पाहिजे. तारीख नसलेला नियम म्हणजे मर्जी. आज एकाची, उद्या दुसऱ्याची. शिवाय महिन्याभरापूर्वी आपणच मंजूर केलेला कागद आपणच चुकीचा ठरवायचा, तर कारण काय दाखवायचं? आणि सगळ्यात वर, निकाल कोण देणार तर परटीण. ते शब्द त्यांनी परत एकदा वाचले.

"ह्या बाईला कुणी दमात घेतलं आणि तिनं खोटं सांगितलं, तर तुम्हाला कसं कळणार?"

"मला नाही कळणार साहेब," मी म्हणलो. "गावाला कळंल."

त्यांनी ड्राफ्ट बाजूला सरकवला. मग म्हणले, पहिला ड्राफ्ट कुणाच्या चुकीनं असा झाला ते आधी लिहून द्या. तेव्हा आम्हा जुन्या स्टेटच्या नोकरांना कायम करायची यादी चालू होती आणि माझं नाव अजून तिच्यात लागलेलं नव्हतं. मी तिथंच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहून दिलं, चूक माझी, गावात न विचारता नमुन्यावरून उतरवलं. पुढं बायकोला सांगितलं तर ती म्हणली, एवढं खरं लिहायची काय गरज होती? ती म्हणली ते बरोबरच होतं, पण दुसरं काही लिहायला सुचलं नाही.

प्रांतसाहेबांनी ती नोट फाईलीला लावली आणि म्हणले, परवा बाजार आहे ना त्या गावचा? परवा येतो. गावाला काय कळतं ते बघू.

परवा म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सही झाली नाही तर तिसऱ्या दिवशी सकाळी पंचवीस विळे. माझी रात्र कशी गेली ते सांगत नाही.

जीप कुरणाच्या बांधाला लागली तेव्हा अख्खं गाव तिथं होतं. साहेब फिरतीच्या कपड्यात. हाफपँट आणि गुडघ्यापर्यंत लोकरीचे स्टॉकिंग. दाजीसाहेबांनी पुढं होऊन नमस्कार केला आणि पिवळ्या पडत चाललेल्या गवताकडं हात दाखवला. म्हणले, साहेब, आंधळ्यालाही दिसंल, गवत तयार आहे. माणिकराव म्हणले, मागल्या बाजारी धोतरं भरून आली, बी अजून गळतंय, तयार नाही. साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि एक असं केलं की माझी पाचावर धारण बसली. ते दाजीसाहेबांना म्हणले, चालणारे पाच जण तुम्हीच निवडा.

आता काय बोलणार? साहेबाच्या तोंडून निघालेला शब्द. माणिकराव माझ्याकडं बघायला लागले आणि मी जीपच्या चाकाकडं.

दाजीसाहेबांनी आपले पाच गडी निवडले. पाचांना गोदाक्काच्या गाठोड्यातली धुतलेली धोतरं दिली. कुरणात आमच्या बांधाजवळच उंचवटा आहे, अलीकडं उभं राहिलं की पलीकडचं दिसत नाही. पाच जण पलीकडच्या टोकाला गेले आणि तिथून आमच्याकडं चालत यायचं ठरलं. बराच वेळ गेला. मग ते उंचवट्याच्या कडेनं एकामागं एक येताना दिसले.

पाचही धोतरं कोरी. एक कुसळ नाही. दाजीसाहेब हसले. साहेबांनी माझ्याकडं वळून बघितलं. मला वाटलं, आता कायम व्हायचं राहिलंच, आहे ती नोकरीही गेली.

गोदाक्का पुढं आली. तिनं पहिल्या गड्याचं धोतर दोन बोटांत धरलं, गुडघ्याजवळ वळवलं. दुसऱ्याचं बघितलं, तिसऱ्याचं बघितलं. पाचही बघून झाली तशी ती साहेबांकडं वळली. साहेबासमोर बोलताना गावातले पुरुषसुद्धा खाली बघत होते, ती नाही.

"ही धोतरं कुरणातनं आलीच न्हाईत सायब. बांधावरनं आलीत."

साहेबांनी विचारलं, कशावरून? तिनं धोतराच्या काठातून काही बारीक दाणे खुडले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले.

"हे आघाड्याचं बी. आघाडा बांधाला असतो, पायवाटंला असतो. कुरणात गवत त्येला उगवू देत न्हाई. पाची धोतरांत एकच उंचीला हाय बघा."

साहेबांनी त्यातला एक दाणा बोटावर घेऊन बघितला. मग पाचही धोतरं स्वतः वाकून बघितली. सगळ्यांत तेच, गुडघ्याखाली वीतभर. पाच गड्यांपैकी एकजण आधीच मागं सरकायला लागला होता. साहेब सरळ कुरणात शिरले आणि उंचवट्यावरून पलीकडं जाऊन त्याच वाटेनं परत आले. परत आले तेव्हा त्यांचे स्टॉकिंग दिसतच नव्हते. नुसती कुसळं. एकेक पाऊल टाकताना त्यांचं तोंड वाकडं होत होतं, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

गोदाक्कानं त्यांना दगडावर बसवलं आणि खाली बसून एकेक कुसळ ओढून काढायला लागली. एका सरकारी अधिकाऱ्याचे पाय गावच्या परटिणीच्या मांडीवर, हे बघून काही बायकांनी पदर तोंडाला लावला. साहेबांनी तसंच बसून तिला तो प्रश्न विचारला, जो त्यांनी मला परभणीला विचारला होता. उद्या तुम्हीच खोटं बोललात तर?

"माझी म्हैस त्याच कुरणावर हाय सायब," ती म्हणली. "आज खोटं बोलले तर पुढल्या साली तिला काय घालू?"

साहेब उठले. बूट घातले. मला म्हणले, ड्राफ्ट काढा. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहायला लागलो आणि ते सांगायला लागले. पण चार शब्दांतच त्यांची पुण्याची मराठी आणि गावाची रीत जुळेना. मग ते म्हणले, तुम्हीच लिहा, तुमच्या शब्दांत, मी सही करतो. आणि मी नमुना न बघता आयुष्यातला पहिला ड्राफ्ट लिहिला. तो मला आजही पाठ आहे.

'पोळ्यानंतर दर बाजारच्या दिवशी पाच घरचे पाच जण कुरणातून आडवे चालतील. धोतरे एकदा कुसळांनी भरून निघाल्यानंतर ज्या दिवशी पाचही कोरी निघतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी कुरण उघडेल. घरटी एक विळा, जमीन असो वा नसो.'

खाली एक रकाना असतो, कॉम्पिटंट अथॉरिटी. म्हणजे ज्याच्या निर्णयाला कायद्यानं किंमत आहे तो अधिकारी. सगळीकडं तिथं तहसीलदार, प्रांत, कलेक्टर असं काहीतरी लिहिलेलं असतं. मी विचारलं, साहेब, इथं गोदाबाईचं नाव घालू का? ते म्हणले, नाव नको. माणूस जातो, हुद्दा राहतो. मी त्या रकान्यात लिहिलं, 'गावची परटीण'. साहेबांनी सही केली आणि त्यांच्या कारकुनानं शिक्का मारला.

मी तो नियम मोठ्यानं वाचून दाखवला. दाजीसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकला. म्हणले, ठीक आहे, मंजूर झालं तर झालं. टोळीला त्यांनी त्याच दिवशी येऊ नका म्हणून निरोप पाठवला. माणूस हट्टी होता, पण कागदाचा पक्का.

कुरण त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर उघडलं. मी मुद्दाम गेलो होतो. सूर्य उगवायच्या आत प्रत्येक घरचा एक माणूस बांधावर उभा, हातात विळा. दाजीसाहेब स्वतः आले. त्यांच्या घरचा एक विळा त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिला नाही. जन्मात विळा न धरलेला माणूस, दुपारपर्यंत हाताला फोड आले, पण मागं हटले नाहीत. त्यांच्या बाजूच्याच पट्टीत गोदाक्का होती. तिनं संध्याकाळपर्यंत त्यांच्या दुप्पट पेंढ्या बांधल्या. जाताना ती त्यांना म्हणली, दाजी, हाताला हळद लावा. ते म्हणले, लावतो आक्का. मला त्या दिवशी जे वाटलं ते मी कुणाला बोलून दाखवलं नाही, आज सांगतो. मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला. पहिल्यांदा.

उरलेल्या तेरा गावांत मी परत गेलो. ह्या वेळी नमुना घरी ठेवून. एका गावात कुरण उघडायचा निकाल गुराखी देत होता, एका गावात मशिदीतले म्हातारे मुल्लाजी. सगळ्यांना मी त्या रकान्यात बसवलं. माझी नोट फाईलीला तशीच राहिली. कायम मी झालो, पण यादीच्या शेवटाला.

आता शेवटची गोष्ट. पुढच्या वर्षी हे प्रकरण वरपर्यंत गेलं आणि कलेक्टरसाहेबांनी ठरवलं की बरडवाडीचं कुरण उघडायला आपण स्वतः यायचं. बुधवार ठरला. मंडपाचं सामान निघालं, पालमहून खुर्च्या सांगितल्या. मी आनंदात गोदाक्काकडं गेलो आणि म्हणलो, आक्का, बुधवारी कलेक्टर येणार. ती आदल्या बाजाराची धोतरं दोरीवर वाळत घालत होती.

"येऊ द्या की. च्या पिऊन जातील," ती म्हणली. "कुरण न्हाई उघडत. काल तीन धोतरं भरून आली."

मी विनवलं. म्हणलो, चार दिवस आधी उघडलं तर काय फरक पडतो? कलेक्टर आहेत, आक्का, लहान माणूस नाही. तिनं एक धोतर झटकलं.

"सायब, तुमीच लिहिलंय न्हवं?"

मी तसाच परत फिरलो आणि सायकलीवर गंगाखेडला जाऊन कलेक्टर ऑफिसला तार केली. तारेला शब्द कमी लागतात, पण मी एकही शब्द वाचवला नाही. 'कॉम्पिटंट अथॉरिटीने परवानगी नाकारल्याने बुधवारचा कार्यक्रम रद्द करावा.' परभणीत म्हणे त्या तारेवरून बरीच चौकशी झाली. पालमकडं कलेक्टरच्या वरचा अधिकारी कोण बसला, असं कुणीतरी प्रांतसाहेबांना विचारलं. त्यांनी फाईल काढून तो रकाना दाखवला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, कलेक्टरसाहेबांच्या स्वतःच्या सहीचं. 'नवी तारीख अथॉरिटीस विचारून कळवावी.'

मी तो कागद घेऊन ओढ्यावर गेलो आणि गोदाक्काला वाचून दाखवला. तिनं हात पुसले आणि म्हणली, कळवा, म्हणावं पुढल्या बाजाराला बघू.

नोकरीत मी पुढं लय नियम लिहिले. जे गावाला विचारून लिहिले ते टिकले. जे ऑफिसात बसून लिहिले ते फाईलीत टिकले.